मोहीम जिंकली, आता गाशा कसा गुंडाळायचा? : प्रकल्प नोंदी

४ मार्च

पुस्तिकेची चौकट आज पक्की झाली. विषय असा की ध्येय गाठल्यावर स्वयंसेवी गटाने स्वतःला बंद कसं करावं. उदाहरणं मात्र एकाच क्षेत्रातली घ्यायची: क्राफ्ट बिअरसाठी, म्हणजे छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या वेगळ्या चवींच्या बिअरसाठी, कायदे बदलून घेणारे ग्राहकांचे गट. संपादकांनी भुवया उंचावल्या. “अहो, साक्षरता, पाणी, रस्ते एवढे विषय सोडून बिअर?” त्यांचं म्हणणं समजतं, पण मला नेमकं हेच हवंय. साक्षरतेचं काम अमुक दिवशी संपलं असं कुणी सांगू शकत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र हे गट उभे राहिले ते कायद्यातला एक आकडा बदलायला: बिअरमध्ये जास्तीत जास्त किती टक्के अल्कोहोल चालेल तो. आकडा बदलला की काम फत्ते. मग खरी पंचाईत सुरू होते: जमलेली माणसं, उरलेले पैसे, पत्त्यांची यादी आणि सवय लागलेल्या बैठका, यांचं करायचं काय?

वकीलबाईंनी एकच अट घातली. पिण्याचा प्रचार वाटेल असं वाक्य नको. मान्य. आपल्याला ग्लासाशी कर्तव्य नाही, संस्थेशी आहे.

७ मार्च

पार्श्वभूमीचं प्रकरण. आकडा आला कुठून, हे आधी सांगायला हवं.

अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठायच्या आधीच, ७ एप्रिल १९३३ पासून, वजनाने ३.२ टक्के अल्कोहोल असलेली बिअर विकायला केंद्राने मोकळीक दिली. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि बंदी गेली. पण त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने दारूचा कारभार राज्यांच्या हाती दिला, आणि प्रत्येक राज्याने आपापली रेघ आखली. नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा यांची रेघ आकारमानाने ६ टक्क्यांवर होती. ती पुढची काही दशकं जागची हलली नाही, कारण हलावी असं वाटणारी माणसंच नव्हती. बाजारात मिळणारी नेहमीची बिअर ५ टक्क्यांच्या आसपास, मग कुणाला अडचण?

अडचण आली ती बार्लीवाइन, इंपीरिअल स्टाउट, डॉपलबॉक, बेल्जियन ट्रिपेल असे जास्त अल्कोहोलचे प्रकार लोकांना माहीत व्हायला लागल्यावर. बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाची ट्रिपेल ९.५ टक्के. ती या राज्यांच्या लेखी बिअरच नव्हती, आणि वाइन नसल्यामुळे वाइनच्या कपाटातही तिला जागा नव्हती. गटांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा इथेच होता: त्याच दुकानात १३ टक्क्यांची वाइन राजरोस विकली जाते, मग ७ टक्क्यांच्या बिअरने काय घोडं मारलं?

वजन आणि आकारमान हा घोळ पुस्तिकेत एकदाच निस्तरायचा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वजनाचा आकडा साधारण सव्वापट केला की आकारमानाचा मिळतो. म्हणजे वजनाने ३.२ हे आकारमानाने ४ आणि मिसिसिपीचे वजनाने ५ हे सव्वासहा. सगळे तक्ते आकारमानात द्यायचे असं ठरलं. दोन्ही मापं मिसळली की वाचक बिचारा गोंधळतो आणि विरोधकाला आयतं कोलीत मिळतं.

११ मार्च

नॉर्थ कॅरोलिना. हे प्रकरण लिहायला सोपं गेलं, कारण घटनाच सुटसुटीत आहे.

‘पॉप द कॅप’ हा गट २००३ मध्ये जमला. घरी बिअर बनवणारे हौशी, काही दुकानदार, बिअरवरच्या नियतकालिकाशी संबंधित मंडळी. मागणी एकच. १३ ऑगस्ट २००५ ला राज्यपाल माइक ईझली यांची सही झाली आणि ६ च्या जागी १५ आले. कायद्याच्या भाषेत बदल केवढा? ‘माल्ट बेव्हरेज’च्या, म्हणजे बिअरच्या, व्याख्येत अर्ध्या टक्क्यापासून १५ टक्क्यांपर्यंत, एवढाच. सोबत एक तडजोड: ६ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर ते लेबलवर स्पष्ट छापलं पाहिजे. ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. जुनी रेघ पुसली नाही, तिचं काम बदललं. काल जिथे बंदी होती तिथे आज माहिती आली. विरोधी मताच्या आमदारालाही घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं.

पुढे काय झालं हे महत्त्वाचं. गटाचे अध्यक्ष शॉन लिली विल्सन यांनी २०१० मध्ये डरहॅमला ‘फुलस्टीम’ ही स्वतःची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सुरू केली. २००८ मध्ये ब्रुअरीवाल्यांची राज्यस्तरीय संघटना उभी राहिली. ‘सिएरा नेव्हाडा’ने आणि ‘न्यू बेल्जियम’ने आपला पूर्वेकडचा दुसरा कारखाना अ‍ॅशव्हिलच्या परिसरात टाकला. १५ चा आकडा नसता तर या कंपन्यांना तिथे आपला सगळा माल विकताच आला नसता. ग्राहकांनी दार उघडलं आणि उद्योग आत आला. आता दारावर ग्राहकांनी उभं राहायचं की नाही, हा पुस्तिकेचा कणा.

१५ मार्च

अलाबामा. इथे दोन दिवस घातले तरी पुरणार नाहीत.

‘फ्री द हॉप्स’ २००४ मध्ये सुरू झाला. मागणी नॉर्थ कॅरोलिनासारखीच: मर्यादा वाढवा. पण विधिमंडळात काही वर्षं गाडं पुढे सरकेना. २००८ च्या चर्चेत आमदार आल्विन होम्स यांचं भाषण झालं; आहे त्या बिअरमध्ये काय वाईट आहे, ती चांगली लागते की, अशा अर्थाचं. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि हसण्यावारी गेली. मला मात्र ते भाषण विनोदी वाटत नाही. बहुसंख्य मतदारांच्या मनातलंच त्यांनी बोलून दाखवलं होतं: तक्रार नाही तर कायदा कशाला बदलायचा? हौशी गटाला खरा सामना करावा लागतो तो या बेफिकिरीशी. कट्टर विरोधक परवडला, त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

२२ मे २००९ ला राज्यपाल बॉब रायली यांनी सही केली. ६ चे १३.९ झाले. जिंकले?

आकड्यापुरते जिंकले. पण अलाबामात बाटलीच्या मापावरही बंधन होतं: १६ औंस. म्हणजे ४७३ मिलिलिटर. युरोपातली अर्ध्या लिटरची साधी बाटली २७ मिलिलिटरने जास्त भरते म्हणून बेकायदा! आणि ज्या बेल्जियन बिअरसाठी इतका खटाटोप केला, तिची बुचाची मोठी बाटली ७५० मिलिलिटरची, २५.४ औंस. ती २००९ नंतरही बाहेरच. म्हणून २०१२ मध्ये बाटलीचं वेगळं विधेयक आणलं आणि मर्यादा बरोब्बर २५.४ वर नेली. मधल्या वर्षी, २०११ मध्ये, ब्रुअरीत ग्लासाने विक्री करायला मोकळीक देणारा कायदा झाला. त्याआधीची ब्रूपबची (बिअर बनवून तिथेच पाजणाऱ्या जागेची) अट तर वाचून पुन्हा वाचावी अशी होती: ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दारूबंदीपूर्वी बिअर बनत असे अशाच ठिकाणी आणि तेही ऐतिहासिक इमारतीत किंवा तशाच ठरावीक जागेत. २०११ ने हे बंधन सैल केलं. २०१३ मध्ये घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं. २०१६ मध्ये ब्रुअरीतून घरी न्यायला विक्री, माणशी दिवसाला २८८ औंसपर्यंत, म्हणजे बारा औंसच्या चोवीस डब्यांची पेटी.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणावं, तर इथे प्रत्येक शेपटाला पुन्हा एक हत्ती जोडलेला. मग समाप्ती कुठे मानायची? मी प्रकरणात माझं मत सरळ लिहून टाकलंय: २०१२. कारण तोवरच्या मुख्य मागण्या पिणाऱ्याच्या होत्या, बाटलीत काय आणि केवढ्या बाटलीत. त्यानंतरची मोठी मागणी धंद्याची होती, कुणी कुणाला कुठून विकायचं. घरगुती बिअरची मोहीम मधेच येते खरी, पण तिचे कार्यकर्ते वेगळे, निकड वेगळी. संपादक म्हणाले, २०१६ हाच स्वाभाविक शेवट आहे, कारण त्या वर्षी ग्राहकाला थेट फायदा झाला. फायदा झाला हे खरं. पण त्या विधेयकामागे कामगार, यंत्रसामग्री, कर्ज अंगावर घेतलेली माणसं उभी होती. त्यांना ग्राहकगटाच्या कुबड्या लागत नव्हत्या. मुद्दा सुटला नाही. दोन्ही बाजू छापायच्या असं ठरलं.

१६ मार्च

कालच्या नोंदीला पुरवणी. २०१६ च्या कायद्यानंतर एक प्रकार घडला तो ‘बंद करू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून प्रामाणिकपणे नोंदवतो. कायदा झाला, आणि नियम बनवताना अलाबामाच्या मद्य नियंत्रण मंडळाने प्रस्ताव ठेवला की बिअर घरी नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, जन्मतारीख ब्रुअरीने टिपून ठेवावी. गदारोळ झाला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. म्हणजे विधेयकावर सही झाली तरी नियमांच्या खोलीत डाव उलटू शकतो. ‘कायदा मंजूर’ ही समाप्तीची तारीख धरू नये. नियम प्रसिद्ध होऊन त्यानुसार पहिली विक्री झाली की मग धरावी. पुस्तिकेत ठळक अक्षरांत.

२० मार्च

मिसिसिपी. थोडक्यात. ‘रेझ युअर पाइंट्स’ गट. २०१२ चा कायदा, १ जुलैपासून लागू, वजनाने ५ चे ८, म्हणजे आकारमानाने १० टक्के. २०१३ मध्ये घरगुती बिअर. २०१७ मध्ये ब्रुअरीतून थेट विक्री. क्रम अलाबामासारखाच, वेगळं शिकण्यासारखं फार नाही. दोन परिच्छेदांत संपवलं.

घरगुती बिअरबद्दल एक तुकडा मात्र चौकटीत टाकतोय. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि केंद्राच्या लेखी घरी बिअर बनवणं मोकळं झालं. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. पण राज्यांना आपला निर्णय घ्यायचा होता, आणि शेवटची दोन राज्यं, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ ला आली. ३५ वर्षं. १९७८ मध्ये कुणी ‘जिंकलो’ म्हणून घरी गेलं असतं तर? इथे बंद न करणं बरोबर ठरलं, कारण ध्येय ‘केंद्राचा कायदा’ एवढंच नव्हतं. पुन्हा तेच: ध्येयाचं वाक्य कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून.

२४ मार्च

वारसदाराचं प्रकरण. सगळ्यात चविष्ट भाग इथे आहे.

नॉर्थ कॅरोलिनात आकड्याची लढाई २००५ ला संपली. पुढची मोठी लढाई कुणी लढवली? ब्रुअरीवाल्यांनी. वर्षाला २५,००० बॅरलच्या आत उत्पादन असेल तर ब्रुअरी आपला माल स्वतः दुकानांत पोचवू शकायची. त्यापुढे गेली की सगळा माल घाऊक वितरकाच्या हवाली करायचा. अमेरिकेत दारूबंदीनंतर उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था रुजली, तिचा हा भाग. शार्लटच्या ‘ओल्ड मेक्लेनबर्ग’ आणि ‘नोडा’ या ब्रुअरींनी ‘क्राफ्ट फ्रीडम’ नावाने मोहीम काढली, कोर्टात गेल्या, आणि मे २०१९ मध्ये तडजोडीचा कायदा झाला: एकूण विक्री एक लाख बॅरलच्या आत असेल तर ५०,००० बॅरलपर्यंत माल स्वतः पोचवता येईल.

आता ग्राहकाच्या जागी उभं राहून बघा. बाटली दुकानात ब्रुअरीच्या गाडीतून आली की वितरकाच्या, याने त्याला काय फरक पडतो? थोडा पडतो, पण त्यासाठी तो रविवारची सकाळ आमदारांना पत्रं लिहिण्यात घालवणार नाही. चांगला वितरक तर दूरदेशीची दुर्मीळ बिअर त्याच्या दुकानापर्यंत आणतो. त्याच्याविरुद्ध झेंडा धरायला ग्राहकाकडे कारणच नाही. ग्राहकगट जिवंत राहिला असता तर त्याला या भांडणात एक बाजू घ्यावी लागली असती, आणि बाजू घेताच तो ग्राहकांचा राहिला नसता. माझ्या लेखी जिंकलेल्या गटाने वेळेत बंद होण्याचं सगळ्यात भक्कम कारण हे आहे. थकवा, पैसा ही कारणं नंतर येतात.

वकीलबाईंचा प्रतिप्रश्न: मग पहारा कोण ठेवणार? ब्रुअरीवाल्यांची संघटना पहारा ठेवेल, पण आपल्या कुंपणापुरता. उद्या त्यांनीच नव्या छोट्या ब्रुअरींना अडवणारा नियम मागितला तर? प्रश्न रास्त. उत्तर म्हणून ‘झोपलेली संस्था’ हा पर्याय मांडलाय: कार्यालय नाही, वर्गणी नाही, बैठका नाहीत, फक्त नाव आणि तिघांची समिती, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली की आपोआप विसर्जन. मुदत लिहिली नाही तर ही तिघं म्हातारी होईपर्यंत ‘संस्थापक’ म्हणून मिरवणार.

२९ मार्च

मुद्रितशोधन. ‘ब्रुअरी’ की ‘ब्रूअरी’ यावर अर्धी सकाळ गेली. ऱ्हस्व ठेवलं. पुढे.

२ एप्रिल

इतिहासाचं प्रकरण. खुद्द दारूबंदीच्या लढाईतच जिंकल्यावर बंद होण्याचे सगळे नमुने सापडतात, आणि तेही दोन्ही बाजूंना.

पहिला नमुना, पॉलिन सेबिन. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं पद सोडून त्यांनी १९२९ मध्ये दारूबंदीविरोधी महिलांची संघटना काढली. तोवर ‘बायका म्हणजे बंदीच्या बाजूच्या’ असं गृहीत धरलं जायचं. त्या समजुतीलाच सुरुंग लागला. संघटना लाखो सभासदांपर्यंत वाढली. डिसेंबर १९३३ मध्ये घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि त्याच महिन्यात संघटना विसर्जित झाली. एवढी मोठी यंत्रणा, एवढी ओळख, राजकारणात वजन. दुसऱ्या एखाद्या मागणीकडे ती सहज वळवता आली असती. वळवली नाही.

दुसरा नमुना, पुरुषांचा. १९१८ मध्ये स्थापन झालेली बंदीविरोधी मोठी संघटना, ड्यूपाँ या उद्योगपती घराण्याचा पैसा पाठीशी. तीही १९३३ च्या अखेरीस बंद झाली, रीतसर. पण १९३४ मध्ये तीच प्रमुख माणसं, तेच अध्यक्ष जोएट शाउस, ‘अमेरिकन लिबर्टी लीग’ या नावाने अध्यक्ष रूझवेल्टांच्या धोरणांविरुद्ध उभी राहिली. दारूबंदीविरुद्ध जमलेला जनाधार इथे सोबत आला नाही. १९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले, लीगची हवा गेली, आणि १९४० मध्ये तीही मिटली. माणसं तीच, पैसा तोच, पण लोक एका प्रश्नासाठी आले होते. त्यांना दुसरा प्रश्न चिकटवता येत नाही.

तिसरा नमुना सगळ्यात बोलका: बंदी आणणारी ‘अँटी-सलून लीग’ (इथे सलून म्हणजे दारूचा गुत्ता). १८९३ मध्ये ओहायोत सुरू झाली, जानेवारी १९१९ मध्ये अठरावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. पूर्ण विजय. मग? देणगीदारांना वाटलं काम झालं, त्यांनी हात आखडला. आत दोन तट पडले: वेन व्हीलर म्हणत, कायद्याची कडक अंमलबजावणी करायची, अर्नेस्ट चेरिंग्टन म्हणत, लोकशिक्षण करायचं. ‘आणायची बंदी’ या वाक्यावर सगळ्यांचं एकमत होतं, ‘टिकवायची कशी’ यावर कधीच झालेलं नव्हतं. विजयाने ते उघडं पाडलं. चौदा वर्षांत त्यांनी मिळवलेलं सगळं उलटलं.

हे वाचून संपादक म्हणाले, म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की लीगने १९१९ मध्येच बंद व्हायला हवं होतं? तसं नाही. माझं म्हणणं, त्यांच्याकडे बंद होण्याचा किंवा बदलण्याचा ठरावच नव्हता. त्या जुन्याच घोड्यावर बसून नवा रस्ता शोधत राहिले. बदलायचं तर उघड बदलावं. १९३८ मध्ये पोलिओसाठी निघालेल्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ संस्थेने तसं केलं: १९५५ मध्ये साल्क लस यशस्वी ठरली, १९५८ मध्ये संस्थेने जन्मजात व्यंगांचा प्रश्न हाती घेतल्याचं जाहीर केलं. देणगीदाराला आपला पैसा कुठे जातोय हे कळलं. यावर एकच परिच्छेद. बिअरपासून लांब जायला नको.

९ एप्रिल

ब्रिटनची ‘कामरा’, बिअर पिणाऱ्यांची संघटना. ही बंद न झालेली, म्हणूनच हवी.

१९७१ मध्ये चार मित्रांनी आयर्लंडच्या सहलीत हिची कल्पना काढली. मोठ्या कंपन्या पिंपातच मुरणारी पारंपरिक ‘एल’ जातीची बिअर मागे सारून गाळलेली, वायू भरलेली बिअर माथी मारत होत्या, त्याविरुद्ध. तिच्याआधी १९६३ पासून लाकडी पिंपांचा आग्रह धरणारी एक छोटी संस्था होतीच. कामराने लाकडाचा हट्ट सोडला, पिंप धातूचं असलं तरी चालेल, आत बिअर जिवंत हवी असं म्हटलं. मागणी सैल केल्याने माणसं वाढली.

त्यांच्या ध्येयात आकडा नव्हता, कायदा नव्हता. एक चव होती आणि एक सवय. ती जिंकली कधी म्हणायची? २०१६ मध्ये, ब्रिटनभर शेकडो छोट्या ब्रुअरी उभ्या राहिल्यावर, त्यांनी स्वतःच हा प्रश्न सभासदांपुढे ठेवला: आपण आता कुणासाठी आहोत? संस्थापकांपैकी मायकेल हार्डमन यांच्याकडे या फेरविचाराची सूत्रं होती. एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या सभेत ठराव आले. मंजुरीला ७५ टक्के मतं लागत. बाकीचे ठराव पार पडले. सगळ्या बिअर पिणाऱ्यांचं प्रतिनिधित्व करण्याकडे झुकणारा ठराव तेवढा ७२ टक्क्यांच्या आसपास अडकला. एक चतुर्थांशाहून थोड्या जास्त जुन्या-जाणत्यांनी सांगितलं, आम्ही ज्या पिंपासाठी आलो त्याच पिंपासाठी राहू.

मला त्यांचा हट्ट पटत नाही, पण ७५ ची अट पटते. संस्थेचा उद्देश बदलणं साध्या बहुमतावर सोडलं तर सभेला कोण जास्त गाड्या भरून माणसं आणतो यावर निकाल लागेल. गटांसाठी पुस्तिकेत देत असलेल्या नमुना-घटनेत, म्हणजे नियमावलीत, तीन चतुर्थांशची अट घातली. बंद करण्यासाठी मात्र दोन तृतीयांश. बदलण्यापेक्षा थांबणं सोपं असावं. वकीलबाईंनी मान डोलावली, क्वचितच डोलावतात.

१४ एप्रिल

कागदपत्रं. वकीलबाईंच्या टेबलावर दुपार.

अमेरिकन करकायद्यात अशा गटांना दोन मुख्य वाटा आहेत: धर्मादाय संस्था, ५०१(सी)(३), किंवा समाजहिताची संस्था, ५०१(सी)(४). पहिलीत देणगीदाराला करसवलत, पण कायदे बदलण्यासाठी पाठपुरावा मर्यादेतच. दुसरीत देणगीवर सवलत नाही, पण पाठपुरावा हेच मुख्य काम असलं तरी चालतं. कायद्यातला आकडा बदलायला निघालेल्या गटाला दुसरी वाट सोयीची, हे उघड. बंद करताना फरक कळतो. पहिल्या प्रकारात शिल्लक धर्मादाय कामालाच गेली पाहिजे हे संस्थेच्या घटनेतच लिहावं लागतं. दुसऱ्या प्रकारात असं आधीच लिहून घेण्याची सक्ती तेवढी नाही, पण पैसा संचालकांच्या खिशात जाता कामा नये हे तिथेही आहेच. करखात्याला शेवटचं विवरणपत्र द्यावं लागतं, आणि मोठ्या फॉर्मसोबत मालमत्ता कुणाला दिली याची पुरवणी, ‘शेड्यूल एन’. तो कागद माझ्यासमोर होता: प्रत्येक वस्तू, तारीख, त्या दिवशीची किंमत, किंमत कशी काढली, घेणाऱ्याचं नाव. तंबू, बर्फाच्या पेट्या, छापील ग्लास, सगळं त्या रकान्यांत बसवायचं.

खरी मालमत्ता मात्र या रकान्यांत दिसत नाही. ‘फ्री द हॉप्स’सारख्या गटाने बर्मिंगहॅममध्ये ‘मॅजिक सिटी ब्रूफेस्ट’ नावाचा महोत्सव भरवला, स्लॉस फर्नेसेस या लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांच्या आवारात. महोत्सवातून मोहिमेला पैसा मिळायचा. असा महोत्सव हा संस्था बंद करण्यातला सगळ्यात मोठा अडथळा ठरू शकतो. कायदा बदलला तरी लोक दरवर्षी तिकीट काढतात, पैसा येत राहतो, आणि पैसा येतोय म्हणून संस्था चालू ठेवावी असं वाटायला लागतं. साधन मालक होऊन बसतं. सूचना लिहिली: महोत्सवाचं नाव पहिल्या वर्षीच वेगळं नोंदवा, म्हणजे पुढे ते देता किंवा विकता येईल आणि संस्था त्याच्या गळ्यात अडकणार नाही.

१८ एप्रिल

यादीचा प्रश्न. दहा-बारा वर्षांत जमलेले हजारो ईमेल पत्ते ब्रुअरीवाल्यांच्या संघटनेला द्यावेत का? मसुद्यात मी ‘नाही’ लिहिलंय. माणसांनी पत्ता दिला तो कायदा बदलण्यासाठी. नव्या बिअरची जाहिरात यावी म्हणून नव्हे. यादीला शेवटचं एक पत्र पाठवावं, त्यात नव्या संघटनेची ओळख द्यावी, ज्यांना जायचं ते आपल्या पायाने जातील, आणि यादी पुसावी. हिशेबनीस मित्राला हे भाबडं वाटतं. “उद्या पुन्हा गरज पडली तर शून्यापासून?” हो, शून्यापासून. गरज खरी असेल तर माणसं जमतात. नसेल तर जुनी यादी असूनही जमत नाहीत, लिबर्टी लीगने ते दाखवून दिलंच.

गरज सरो वैद्य मरो ही तक्रार मात्र होऊ देऊ नये. आमदारांना फोन करणारे, स्टॉल लावणारे, अधिवेशनात दिवसभर गॅलरीत बसणारे यांची नावं, त्यांच्या परवानगीने, शेवटच्या अहवालात छापा. आणि कागद अभिलेखागाराला द्या: विधेयकाचे मसुदे, दुरुस्त्या, मतांची नोंद. पुढच्या राज्यातल्या गटाला ते सोन्याच्या मोलाचे.

२३ एप्रिल

अमेरिकेतल्या युटा राज्याचं छोटं प्रकरण शेवटी घालायचं ठरलं, नम्रतेसाठी. ओक्लाहोमा, कोलोरॅडो आणि कॅन्ससने २०१८-१९ मध्ये किराणा दुकानांत वजनाने ३.२ टक्क्यांपर्यंतचीच बिअर विकायची जुनी पद्धत सोडली. मग मोठ्या कंपन्यांना त्या मापाची वेगळी बिअर बनवणं परवडेना, युटाच्या दुकानांत माल कमी होण्याची चिन्हं दिसली, आणि १ नोव्हेंबर २०१९ पासून युटाने वजनाने ३.२ चे ४ केले. तिथे आकडा हलला तो कारखान्याच्या हिशेबाने. बाजाराने जे केलं ते आपण केलं असं सांगणारे अहवाल बरेच लिहिले जातात. समाप्ती अहवालात ‘आमच्याशिवायही काय झालं असतं’ असा एक परिच्छेद सक्तीचा केला.

३० एप्रिल

अंतिम मसुदा. संपादकांनी अलाबामाच्या प्रकरणातून सहा परिच्छेद कापले, त्यातले दोन मी भांडून परत घेतले (बाटलीचे २७ मिलिलिटर जाऊ देणार नाही).

नमुना-घटनेचं पहिलं कलम असं उतरलं: “कायद्यातील अमुक मर्यादा अमुक होणे, त्याचे नियम प्रसिद्ध होणे आणि त्यानुसार विक्री सुरू होणे, या तिन्ही गोष्टी पूर्ण झाल्यापासून एकशेवीस दिवसांत विसर्जनाची सभा बोलावणे कार्यकारिणीवर बंधनकारक राहील. नवे ध्येय घ्यायचे असल्यास त्याच सभेत तीन चतुर्थांश मतांनी घ्यावे.” आधी नव्वद दिवस होते. हिशेबनीस मित्राने वाढवून घेतले. राहिलेली बिलं, बँकखातं आणि कराचं विवरण नव्वदमध्ये उरकत नाही म्हणतो.

वकीलबाईंची एक हरकत अजून उभी आहे: सभा बोलावलीच नाही तर काय? मी सुचवलंय की अशा वेळी कुठल्याही दहा सभासदांना ती बोलावता यावी. त्या पाच म्हणतात. सोमवारी मिटवायचं, मंगळवारी मजकूर छपाईला.